आजी वाइंडिंगला, आजोबा साच्यावर: १९३९ चं गिरणगावातलं प्रेम कसं लिहावं

तुमचा खर्डा वाचला. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात; आजोबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, बदली कामगार (कायम नाही, गरज पडेल त्या दिवशी काम मिळणारे); दोघांचीही घरं रत्नागिरीकडची. १९३९ च्या सुमारास त्यांचं जमलं आणि त्यावर दोन अंकी नाटक उभं राहतंय. पहिल्या अंकात ३ सप्टेंबरला धोक्याचे भोंगे वाजतात, चाळीत पळापळ होते, आजोबांना फौजेत हजर होण्याचा हुकूम येतो आणि बोरीबंदरावर निरोपाचा प्रवेश होतो. तुमचे प्रश्न दोन: हे खरं वाटतं का? आणि त्या काळी गिरणकामगाराच्या घरात प्रेम जमायचं तरी कसं?

निरोपाचा प्रवेश हा खर्ड्यातला सगळ्यात चांगला लिहिलेला भाग आहे, आणि नेमका तोच काढावा लागेल. त्या युद्धात हिंदी माणसावर लष्करभरतीची सक्ती नव्हती. ब्रिटनमध्ये होती. तिथल्या मजूरवस्त्यांतल्या पोरापोरींनी १९३९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात घाईघाईने लग्नं उरकली, कारण मुलगा महिन्याभराने कुठे असेल याचा भरवसा नव्हता. सिनेमात आपण पाहतो तो फलाटावरचा निरोप त्यांचा. इथलं सैन्य स्वतःहून नाव घालणाऱ्यांचं होतं. सुरुवातीला दोन लाखांच्या आसपास असलेलं हे सैन्य शेवटी २५ लाखांच्या वर गेलं, पण ती माणसं हुकमाने गेली नाहीत, पोटासाठी गेली. आणि गेली ती बहुतेक गावातून. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची पोरं बेळगावच्या मराठा पलटणीत जात. फौजेतला माणूस नाटकात हवाच असेल तर तो आजोबांचा गावी राहिलेला धाकटा भाऊ करा. त्याच्याकडे पुन्हा येतो.

भोंग्यांचंही तसंच. ३ सप्टेंबर १९३९ हा रविवार होता, गिरण्यांना सुट्टी. व्हाइसरॉयने रेडिओवरून जाहीर केलं, पण चाळीत रेडिओ कुणाकडे होता? बातमी सोमवारी वर्तमानपत्रातून आली. एकाने मोठ्याने वाचायचं, दहाजणांनी ऐकायचं, अशी. पळापळ व्हायचं काही कारण नव्हतं. विमानं येतील ही भीती मुंबईत शिरली ती दोन वर्षांनी, डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरल्यावर. तुम्ही दोन वेगळ्या वर्षांच्या आठवणी एका रात्रीत कोंबल्या आहेत. घरात ऐकलेल्या गोष्टींचं असं नेहमी होतं.

मग त्या सप्टेंबरात घरात काय आलं? भाव. युद्ध जाहीर झालं तसा बाजाराने आठवड्याभरात हात दाखवला. साठेबाजांनी माल दाबला आणि सरकारला लगेच दरनियंत्रणाची भाषा करावी लागली. वाण्याच्या दुकानात उधारीच्या वहीवर कामगाराचं घर चालायचं, तिथे युद्ध आधी दिसलं. आजोबांच्या आयेला पोलंड कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नाही, पण शेराला किती पैसे वाढले हे तिला त्याच दिवशी कळलं. तुमच्या नाटकात तोफेचा आवाज एकदाही येऊ नये असं माझं मत आहे. युद्ध या जोडीपर्यंत वाण्याच्या, पाळीच्या आणि पगाराच्या वाटेने आलं. गंमत म्हणजे त्याने यांना आधी जवळ आणलं आणि नंतर पांगवलं. तुमच्या खर्ड्यात नेमकं उलट आहे, म्हणून तो वाचताना परका वाटतो.

आता प्रेमाकडे. आधी आजीच्या वयाचा प्रश्न सोडवा. खर्ड्यात ती एकोणीस वर्षांची आणि अविवाहित आहे. शारदा कायदा १९३० पासून लागू होता, त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ आणि मुलाचं १८. गावाकडे तेवढंही पाळलं जात नसे. मग एकोणीस वर्षांची मुलगी बिनलग्नाची गिरणीत कशी? याचं उत्तर नाटकात असलंच पाहिजे. गिरणीत काम करणाऱ्या बायकांत विधवा, नवऱ्याने टाकलेल्या किंवा ज्यांच्या नवऱ्याला काम नाही अशा पुष्कळ होत्या. लग्नाची तरुण मुलगी दिसली तर बहुधा एकच कारण: तिचा पगार घराला हवा होता. सरकारी कामगार कचेरीने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या पाहणीत मुंबईच्या कामगार कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न ५० रुपयांच्या आसपास निघालं होतं, आणि त्यात घरातल्या सगळ्यांची कमाई धरलेली. असल्या घरातून मुलीचे पंधरा-सतरा रुपये गेले तर काय उरतं? बाप लग्नाला नाही म्हणतो तो अब्रूसाठी असं तुम्ही लिहिलंय. अब्रू आहेच, पण तिच्या मागे हिशेब आहे. बापाला खलनायक करू नका, त्याला हिशेब करायला लावा. प्रेक्षकाला त्याचा राग यायला हवा आणि त्याचं म्हणणंही पटायला हवं.

दुसरी शक्यता नाजूक आहे, पण विचारतोच. आजीचं हे पहिलंच लग्न होतं का, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून घ्या. कोकणातल्या कष्टकरी जातींत विधवेने किंवा काडीमोड झालेल्या बाईने पाट लावणं, म्हणजे दुसरं लग्न करणं, रूढ होतं. तो रात्री, गाजावाजा न करता लागे आणि दुसऱ्या दिवसापासून संसार सुरू. पुण्या-गिरगावातल्या पांढरपेशा घरांत ज्या गोष्टीवर त्याच काळात अग्रलेख लिहिले जात होते, ती इथे शेजारच्या खोलीत घडत होती. नंतरच्या पिढ्या शिकल्या, त्यांना ते लपवावंसं वाटलं, म्हणून ‘प्रेमविवाह’ हा शब्द पुढे आला. असं झालं असेलच असं नाही. पण तुमच्या घरी लग्नाचा फोटो नाही, तारीख कुणाला माहीत नाही आणि आजी त्या विषयावर गप्प बसायची असं तुम्हीच लिहिलंय, त्यावरून मला शंका आली. खरं निघालं तर नाटक कमकुवत होणार नाही, दुप्पट होईल.

भेटायचं कुठे? तुमच्या खर्ड्यात दोघं दादरच्या चौपाटीवर बसून बोलतात. एखाद्या रविवारी बसलेही असतील, पण रोजचं प्रेम तिथे वाढलेलं नाही. गिरणगावात दोन गोष्टींचा तुटवडा होता, जागेचा आणि एकत्र मिळणाऱ्या वेळेचा. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. एका मजल्यावर वीस खोल्या आणि सगळ्यांना मिळून संडास. त्यातल्या कितीतरी खोल्या गावकीच्या, म्हणजे एका गावचे पुरुष भाडं वाटून राहणार आणि पाळीने झोपणार, कारण सगळे एकदम आडवे झाले तर जागाच नाही. रात्रपाळीवाला सकाळी येऊन दिवसपाळीवाल्याच्या वळकटीवर पडतो. असल्या खोलीत बाई पाऊल टाकत नाही.

म्हणून नाटकाला माझ्या मते सगळ्यात मोठी देणगी आहे ती कारखाना कायद्याची. १९३४ च्या कायद्याने कामाचा दिवस दहा तासांचा आणि आठवडा ५४ तासांचा ठरला होता, आणि बाईला संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कामाला ठेवता येत नव्हतं. पुरुषाला अशी अट नाही. म्हणजे आजोबांना रात्रपाळी लागली की ते सकाळी सुटणार आणि त्याच सुमाराला आजी कामावर चढणार. गिरणीच्या दरवाजातली ती पाच-दहा मिनिटं ही त्यांची रोजची भेट. तो कापसाच्या कणांनी पांढरा झालेला, डोळे तारवटलेले. ती डोक्यावर पदर घेऊन, हातात भाकरीचं फडकं. सोबत शंभर माणसं. बोलणं होणार ते एका वाक्याचं, तेही तिसऱ्याला उद्देशून. इथे नावाने हाका नकोत. खर्ड्यात ती त्याला नावाने बोलावते, तेही गॅलरीत उभी राहून. तसं केलं असतं तर संध्याकाळपर्यंत बातमी गुहागरला पोचली असती. ती बहुतेक त्याच्याबरोबरच्या पोराला म्हणेल, ‘तुमच्या गाववाल्याला सांगा, आयेनं खानावळीचे पैसे मागितलेत.’ आणि त्याला सगळं कळेल.

खानावळ मुद्दाम आणली. एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना जेवू घालायचं काम चाळीतल्या बायका करायच्या. महिन्याचे पैसे ठरलेले, पगार झाला की द्यायचे. आजीच्या आईची खानावळ असेल तर आजोबांना त्या घरात दिवसातून दोनदा येण्याचा हक्क मिळतो, तोही प्रतिष्ठेने. पण ते बदली कामगार. रोज सकाळी दरवाजावर उभं राहायचं, मुकादमाने घेतलं तर काम, नाहीतर परत. महिन्यात पंधरा दिवस भरले तरी नशीब. म्हणजे खानावळीची उधारी चढणार. ज्या घरात मुलगी मागायची त्याच घराचं देणं डोक्यावर. यापेक्षा चांगली अडचण तुम्हाला कल्पनेने सुचणार नाही. त्यात आमच्याकडच्या बऱ्याच जातींत देज, म्हणजे मुलीसाठीचे पैसे, मुलाकडच्यांनी द्यायचं असे, हेही धरा.

मुकादमाला विसरू नका. वाइंडिंगसारख्या खात्यात बायकांवर नायकीण, म्हणजे बाई मुकादम, असे. कामावर घेणं, काढणं, उसने पैसे देणं आणि त्यावर व्याज घेणं हे सगळं या माणसांच्या हातात. कोण कुणाकडे बघतं हे त्यांना आधी कळायचं आणि त्याचा उपयोगही करून घेतला जायचा. १९३५ नंतर बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत आली, पण मुकादमाचा हात पुरता सुटला नाही. नायकिणीचं पात्र बारीक लिहा. मदतही तीच करेल आणि किंमतही तीच वसूल करेल.

जातीबद्दल खर्डा गप्प आहे. तसं चालणार नाही. आजोबा साचेखात्यात होते एवढ्यावरूनच त्यांच्याबद्दल काही ठरतं. धोट्यातली कांडी बदलली की दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळाचं निमित्त पुढे करून दलित कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. आजी आणि आजोबा एकाच जातीचे असतील तर अडचण गावकीची आणि पैशाची. नसतील तर नाटक वेगळंच होईल आणि युद्ध त्यात मागे पडेल.

जमण्याची सुरुवात कुठे ठेवावी याबद्दल एक सूचना. ७ नोव्हेंबर १९३८. मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह कायद्याविरुद्ध त्या दिवशी एक दिवसाचा संप झाला. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. गिरण्या बंद, कामगार मैदानावर अफाट सभा, पोलिसांचा गोळीबार. तरुण मुलामुलींना रस्त्यावर एकत्र उभं राहायची मुभा देणारे दिवस गिरणगावात थोडे होते: गणपती, भजनाच्या रात्री, दामोदर हॉलमधलं एखादं नाटक आणि संप. त्यात संपाच्या दिवशी कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसे, म्हणून तो सगळ्यात सोयीचा. शिवाय नाटक युद्धाच्या दहा महिने आधी सुरू होतं आणि ‘युद्ध येतंय’ हे कुणाच्या ध्यानीमनी नसताना येतं.

आता महिने नीट लावून घ्या, कारण तिथे नाट्य आपोआप हाती लागतं. १९३९ च्या उन्हाळ्यात कापडाला उठाव नव्हता. काही गिरण्यांनी रात्रपाळ्या आवरल्या, बदलीवाल्यांचे हाल सुरू झाले. १ ऑगस्टला मुंबईत दारूबंदी लागू झाली. बाप पिणारा असेल तर हा प्रवेश फुकट मिळाला म्हणा: आई खूष, बाप चिडलेला आणि हातभट्टी शेजारच्या गल्लीत. त्या वर्षी अधिक श्रावण होता आणि पाठोपाठ चातुर्मास चालूच. म्हणजे युद्ध जाहीर झालं तेव्हा मुहूर्तच नव्हते. विलायतेत लोक युद्धामुळे लग्नाची घाई करत होते तेव्हा इथे ठरलेलं लग्नसुद्धा तुळशीच्या लग्नापर्यंत थांबणार होतं. युद्ध जाहीर झाल्यावर दोन आठवड्यांनी गणपती बसले. लालबागच्या मंडळाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. लोकांनी उत्सव केलाच, फक्त नारळ महाग झाला म्हणून बायका बोलत राहिल्या असाव्यात, एवढं मी कल्पनेने लिहीन.

२ ऑक्टोबरला युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात सुमारे ९०,००० कामगार उतरले. आजोबा त्यात होते असं घरात सांगतात ते अगदी शक्य आहे. पण बदली कामगाराला एक दिवसाची मजुरी म्हणजे काय, हे आजीच्या तोंडून यायला हवं. तिला युद्ध नको आहेच. तिला मजुरीही बुडवायची नाही. आणि मार्च १९४० मध्ये महागाईभत्त्यासाठी मोठा संप झाला. तो साधारण चाळीस दिवस चालला. पुढारी भारत संरक्षण नियमांखाली आत गेले. चाळीस दिवस पगार नाही, खानावळीत पैसे नाहीत, वाणी उधार देत नाही. तुळशीच्या लग्नानंतर ठरवलेली, मग मे महिन्यावर ढकललेली तारीख इथे मोडते. आई चूल बंद ठेवते की संपकऱ्यांना उधारीवर जेवू घालते, हा पहिल्या अंकाचा खरा शेवट. बोरीबंदरावरच्या निरोपापेक्षा हा प्रवेश चांगला होईल, लिहून बघा.

त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्स पडला आणि लोकांचा कागदी पैशावरचा विश्वास उडाला. पोस्टातल्या ठेवी काढायला गर्दी झाली, चांदीचे रुपये घराघरांत गाडले गेले. सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची नोट काढली. आजीच्या आईने फडक्यात बांधून ठेवलेले राणीछाप रुपये या क्षणी अचानक मोलाचे झाले. डोरलं करायचं की ठेवायचे? एका हातभर प्रवेशात युरोप आणि चाळ एकत्र येतात, कुणीही युद्धावर भाषण न करता.

यानंतर वारं फिरतं. सरकारी मागण्या वाढत गेल्या, खाकी कापड हवं होतं, साचे रिकामे ठेवणं मालकाला परवडेना. ज्या बदलीवाल्याला मुकादम हाकलत होता त्याला आता बोलावून न्यायला लागला. युद्धाने आजोबांना कायम कामगार केलं. उधारी फिटली, देज जमलं, लग्न झालं. हे कडू आहे आणि ते कडूच राहू द्या. ज्या युद्धाविरुद्ध त्याने संप केला त्याच्याच पैशाने त्याचं घर उभं राहिलं. हे कुणी पात्राने बोलून दाखवू नये.

धाकटा भाऊ इथे आणा. मराठा पलटणी १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनला लढल्या. १९४२ च्या जूनमध्ये टोब्रुक पडलं तेव्हा दुसरी बटालियन शत्रूच्या हाती सापडली. त्याच्या पगारातला वाटा गावी आयेला मिळतो आणि त्यावर तिकडचं शेत सुटतं. म्हणजे एका भावाचा संसार खाकी कापडावर आणि दुसऱ्याची जमीन खाकी कपड्यांवर.

डिसेंबर १९४१ नंतर तुमचे भोंगे वाजवा, दिवे झाका, पळापळ करा. आता ते बरोबर आहे. लोकांनी बायकापोरं गावी धाडायला सुरुवात केली. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि तिकडचा तांदूळ थांबला. भातावर जगणाऱ्या कोकणी चाळीत ही बातमी कुठल्याही लढाईपेक्षा मोठी होती. एप्रिलच्या सुरुवातीला विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले तेव्हा उरलेलेही निघाले. आजी बोटीने गावी जाते, हा तुमचा निरोप. जाताना तिची वाइंडिंगची जागा जाते, ती पुन्हा मिळण्याची खात्री नाही. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात दोघं वेगळी झाली आणि दोघांपैकी कुणीच रणांगणावर गेलं नव्हतं.

पत्रांबद्दल. खर्ड्यात ती दोघं एकमेकांना लांबलचक पत्रं लिहितात. आजी शिकलेली होती का? नसेल तर आजोबांचं पाऊण आण्याचं कार्ड गावात शाळामास्तर किंवा शेजारचा पोरगा वाचणार, सासू ऐकत बसणार. कार्डात काय लिहिता येईल? खुशाली, मनिऑर्डर पोचली का, गाय व्याली का, थोरल्यांना नमस्कार. प्रेम लिहायचं ते मनिऑर्डरच्या आकड्यात. चार आणे जास्त आले की तिला कळायचं. मनिऑर्डरच्या कूपनवर दोन ओळी लिहायला जागा असते, तिचा उपयोग करा.

शेवटचं, दुसरा अंक कुठे संपवायचा ते. तुम्ही ९ ऑगस्ट १९४२ पर्यंत गेलाय. मी एप्रिलमध्येच थांबलो असतो, आजी गावी गेल्यावर. ऑगस्ट घेतलात तर आजोबा लाल बावट्याचे की काँग्रेसचे हे आधी ठरवावं लागेल. कम्युनिस्ट तोवर युद्धाला लोकयुद्ध म्हणू लागले होते आणि ‘चले जाव’मध्ये उतरले नाहीत. त्यावरून गिरणगावात एका खोलीतल्या माणसांची एकमेकांशी बोलणी बंद झाली. तो तिसरा अंक आहे, आणि तुमच्या नाटकाला दोनच आहेत.